बागेतली कोरडी दगडी भिंत: पहिल्यांदा रचणाऱ्यांसाठी

सिमेंट, चुना किंवा चिखल न वापरता नुसत्या दगडांनी रचलेली भिंत म्हणजे कोरडी भिंत. तिला उभं ठेवतं ते दगडांचं वजन आणि एका दगडाचं दुसऱ्याशी होणारं घर्षण. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशातल्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या दगडी शहराच्या कोरड्या भिंती काही ठिकाणी सुमारे 11 मीटर उंच आहेत आणि त्यांना कित्येक शतकं उलटून गेली आहेत. क्रोएशिया, ग्रीस, इटली, स्पेन, स्वित्झर्लंड वगैरे आठ देशांतली ही कला 2018 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. एवढी जुनी आणि सिद्ध पद्धत घरच्या बागेत सहज वापरता येते, आणि त्यासाठी गवंडी असण्याची गरज नाही. संयम मात्र लागतो. शिवाय एक गोष्ट मनात पक्की ठेवावी लागते: भिंतीचं दर्शनी तोंड कितीही देखणं असलं तरी ती टिकणार की ढासळणार हे ठरतं आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या दगडांवर.

या लेखात उदाहरण घेतलं आहे ते उताराची माती अडवणाऱ्या भिंतीचं: लांबी पाच मीटर, जमिनीवरची उंची 60 सेंटिमीटर. पहिल्या कामासाठी हे माप चांगलं. पद्धत एकदा हाताला बसली की मोकळी कुंपणभिंतही रचता येते. तिच्याबद्दल पुढे थोडं येईलच.

उंचीचा मोह टाळा

माती अडवणाऱ्या भिंतीवर मागून येणारा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो, आणि भिंतीला उलथवून टाकणारा जोर तर आठपट. म्हणून 60 सेंटिमीटरची भिंत छान जमली म्हणून पुढची थेट 120 ची धरायची, हा हिशेब चुकतो. नवख्याने 60 ते 75 सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. उतार मोठा असेल तर एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या भिंती पायऱ्यांसारख्या मागे-पुढे बांधा, आणि दोघींमध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. भिंत मीटरभराहून उंच हवी असेल, वरच्या बाजूला गाडी उभी राहणार असेल किंवा घराचा पाया जवळ असेल, तर हे काम स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय हाती घेऊ नका. भिंत हद्दीवर येत असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. खोदण्याआधी खालून पाण्याचा पाइप किंवा वीजतार जात नाही ना, हेही पाहून घ्या.

दगड: किती आणि कसा

आपली भिंत जमिनीवर 60 आणि जमिनीखाली 15, म्हणजे एकूण 75 सेंटिमीटर. जाडी तळाला 45 आणि माथ्याला 35, सरासरी 40. पाच मीटर लांबी धरून हे दीड घनमीटर होतं. यातली साधारण पाव जागा फटींची असते. काळ्या बेसाल्टचं वजन घनमीटरला सुमारे 2.9 टन असतं, म्हणजे फटी वजा करून सव्वातीन टन दगड लागेल. वालुकाश्म हलका असतो, त्याचं काम अडीच-पावणेतीन टनांत भागतं. कोणताही दगड घ्या, पण हिशेबापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त मागवा. ढीग संपत आला की निवडीला वाव राहत नाही आणि नको तो दगड नको तिथे बसवला जातो.

निदान दोन बाजू सपाट असलेला दगड सर्वांत सोयीचा. थरांचा, पापुद्र्यांसारखा फुटणारा दगड मिळाला तर काम निम्म्याने सोपं होतं. नदीतले गोल गोटे दिसायला सुंदर असतात, पण ते एकमेकांवरून घसरतात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. दगड कुजका आहे का हे ओळखायला त्यावर हातोडीने टिचकी मारा. चांगला दगड खणखणतो, आतून झिजलेला किंवा तडकलेला दगड बद्द वाजतो. असा बद्द वाजणारा दगड बाजूला काढा, तो आतल्या भरावालाही चालत नाही.

दगड आले की लगेच रचायला घेऊ नका. ते जमिनीवर पसरा आणि वेगवेगळे ढीग लावा. सर्वांत मोठे आणि बेढब दगड पायासाठी. रुंद, सपाट, जड दगड माथ्यासाठी. हे आधीच बाजूला ठेवा, नाहीतर ते मधल्या थरांत संपून जातात. भिंतीच्या जाडीइतके किंवा त्याहून लांब दगड वेगळे. दोन बाजू काटकोनात असलेले दगड टोकांसाठी. बाकीचे जाडीप्रमाणे. आणि मुठीएवढे तुकडे, कपच्या, चिपा यांचा एक वेगळा ढीग. भिंत आणि ढीग यांच्यामध्ये मीटरभर वाट मोकळी सोडा. या निवडानिवडीत अर्धा दिवस सहज जातो. तो वाया गेला असं वाटलं तरी पुढे सगळा भरून निघतो.

हत्यारं साधीच: पहार, टिकाव, फावडं, घमेलं, धुमस (जमीन ठोकून घट्ट करायचं जड हत्यार), दीड किलोचा हातोडा, टाकी (दगड घडवायची छिन्नी), पाणसळ (सपाटी पाहायचं साधन), ओळंबा (उभी रेषा पाहायला दोरीला बांधलेलं वजन), टेप, दोरी आणि खुंट्या. दगडावर घाव घालताना चष्मा लावलाच पाहिजे, एकच घाव घालायचा असला तरी. कपची गोळीसारखी उडते. चामड्याचे हातमोजे आणि पुढून कडक असलेले बूट वापरा. दगड उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका आणि दगड अंगालगत धरा. पंचवीस किलोच्या वरचा दगड एकट्याने उचलण्यापेक्षा पहारीने लोळवत न्या किंवा दोघांनी मिळून उचला. ढिगातला दगड हाताने उचलण्याआधी पहारीने उलटवून पाहा. खाली विंचू किंवा साप असू शकतो.

आखणी, चर आणि पाया

भिंतीची दर्शनी रेषा दोरी बांधून आखा. त्या रेषेपासून मागे 60 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर खोल चर खणा: 45 भिंतीसाठी आणि मागचे 15 खडीसाठी. वरची काळसर, मुळं असलेली माती पूर्ण काढून खालच्या घट्ट मातीपर्यंत जा. ही सुपीक माती वेगळी ठेवा, शेवटी वरच्या वाफ्यात कामी येते. जमीन चिकण मातीची असेल तर ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. अशा ठिकाणी चर 40 सेंटिमीटरपर्यंत न्या आणि वाढीव खोली खडीने भरा.

चराचा तळ धुमसाने ठोकून घ्या. त्यावर 10 सेंटिमीटर खडी पसरा आणि तीही ठोका. हा तळ मागच्या, म्हणजे मातीच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर खाली असू द्या. एवढ्याशा कलामुळे सगळी भिंत डोंगराकडे रेलून उभी राहते आणि मागची माती ढकलायला लागली तरी तिला पुढे घसरणं अवघड जातं. चराचं खालचं टोक उघडं ठेवा किंवा तिथून पाण्याला बाहेर पडायला वाट करून द्या, म्हणजे तळाशी पाणी साचून राहणार नाही. भिंतीच्या लांबीच्या दिशेनेही जमीन उतरती असेल तर चर तिरका खणू नका, पायऱ्या करा. प्रत्येक पायरीचा तळ लांबीच्या दिशेने पाणसळीत हवा, नाहीतर अख्खी भिंत हळूहळू उताराकडे सरकते.

आता दोन्ही टोकांना एकेक लाकडी पट्टी रोवा. ती सरळ उभी नको. वर जाताना मागे झुकलेली हवी, दर 6 सेंटिमीटर उंचीला 1 सेंटिमीटर मागे. आपल्या 60 सेंटिमीटर उंचीला हा ढाळ 10 सेंटिमीटर होतो. पट्टीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला आणि तळाशी 10 सेंटिमीटर अंतर भरलं की ढाळ बरोबर. दोन पट्ट्यांमध्ये दोरी ताणा आणि प्रत्येक थरागणिक ती वर सरकवा. दगड दोरीला टेकू देऊ नका, केसभर मागे ठेवा. एक दगड दोरीला ढकलू लागला की पुढचे सगळे त्याच्यामागे बाहेर येतात.

पायाचा पहिला थर सर्वांत मोठ्या दगडांचा. त्यांची सपाट बाजू वर येऊ द्या आणि ओबडधोबड बाजू खाली, गरज पडेल तिथली खडी उकरून ती आत बसवा. हा थर 15 सेंटिमीटर जमिनीखाली असतो, त्यामुळे तो कुणाला दिसत नाही. म्हणूनच इथे रूपाचा विचार सोडा, बैठकीचा करा.

दगड बसवणं

एका वेळी एकच दगड घ्या आणि त्याच्याकडे नीट पाहा. त्याचं तोंड कोणतं, बैठक कोणती, शेपटी कुठे जाते? तोंड म्हणजे बाहेर दिसणारी बाजू. बैठक म्हणजे ज्यावर तो टेकणार ती. आणि शेपटी भिंतीच्या आत जाणारी. दगडाची सर्वांत लांब बाजू भिंतीच्या आत गेली पाहिजे. नवखे नेमकं उलटं करतात: लांब बाजू तोंडाला आडवी लावली की एका दगडात बरीच भिंत झाकली जाते, काम भराभर पुढे गेल्यासारखं वाटतं. पण असा दगड आत बोटभरच धरलेला असतो, त्यामुळे मागच्या मातीने जरा जोर केला की तो पुढे निघतो. काही ठिकाणी आडवा दगड आलाच तर त्याच्या दोन्ही बाजूंना आत खोल जाणारे दगड द्या.

दुसरी गोष्ट सांधेमोड. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे, आणि खालच्या दोघांमधला उभा सांधा वरच्या दगडाच्या साधारण मधोमध झाकला गेला पाहिजे. उभा सांधा दोन थर सलग वर चढला तर एकवेळ चालेल. तीन थर चढला तर तो तिथेच मोडा, वरचा दगड काढा आणि दुसरा बसवा. अशा सलग सांध्यातूनच भिंत उभी फाटते.

दगड ठेवला की दोन्ही हातांनी त्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्या. डगमगला तर तो आधी काढा, फिरवून पाहा, उलटा करून पाहा. बऱ्याचदा एका खालच्या उंचवट्यामुळे तो डोलत असतो. टाकीचे दोन घाव घालून तो उंचवटा उडवला की दगड गप्प बसतो. तरीही थोडी हालचाल उरली तर मागून चीप सारा. मागूनच, समोरून नाही. समोरून ठोकलेली चीप सुरुवातीला घट्ट दिसते, पण भिंत बसू लागली की दाबाने ती पुढे सरकत सरकत गळून पडते आणि वरचा दगड पुन्हा मोकळा होतो. मागून सारलेली चीप भरावाने अडलेली असते, तिला निसटायला जागा नसते. चिपेची निमुळती बाजू दगडाखाली, जाड बाजू भरावाकडे. दगड पक्का बसला की त्यावर उभं राहिलं तरी हलता कामा नये.

दगडाला घडवण्यात फार वेळ घालवू नका. ज्या जागेला जो दगड हवा आहे तो बहुतेक वेळा ढिगातच असतो. रिकामी जागा आधी डोळ्यांत भरून घ्या, किती रुंद, किती जाड, कुठल्या बाजूला उतरती, आणि मग ढिगाकडे जा. हातात घेतलेल्या दगडाला शक्यतो जागा शोधून द्या, परत टाकू नका, नाहीतर एकच दगड दिवसभरात दहादा उचलाल.

आतला भराव, म्हणजे खरी भिंत

दर्शनी दगडांच्या शेपट्यांमध्ये आणि त्यांच्या मागे 45 सेंटिमीटरपर्यंत जी जागा उरते ती भरायची कपच्या आणि मुठीएवढ्या दगडांनी. घमेल्याने ओतायचं नाही. एकेक तुकडा हाताने, जागा पाहून, घट्ट रोवायचा, मोठे आधी आणि लहान नंतर. काम कंटाळवाणं आहे यात शंका नाही, आणि बहुतेक पडलेल्या भिंती याच कंटाळ्याने पडलेल्या असतात. ओतलेला भराव पोकळ राहतो. पुढे तो खाली बसतो, दर्शनी दगडांच्या शेपट्यांना आधार उरत नाही, त्या आत झुकतात आणि तोंडं बाहेर येतात. मग भिंतीला पोट येतं. त्यानंतर भिंत पाडून पुन्हा रचण्याशिवाय दुसरा इलाज नसतो.

भरावात माती किंवा बारीक कच घालण्याचा मोह होतो, कारण त्याने फटी पटकन बुजतात. घालू नका. पाण्याबरोबर ती वाहून जाते आणि मागे पोकळी सोडते. थंड प्रदेशात तर ओली माती गोठून फुगते आणि दगड ढकलते. गोल खडीही इथे नको, ती बॉल बेअरिंगसारखी फिरते.

नियम साधा: एक थर दर्शनी दगड, लगेच त्या थराचा भराव, मगच पुढचा थर. दर्शनी बाजू तीन थर वर नेऊन मागाहून भराव करायचा, असं कधीच नाही. भराव दर्शनी दगडांच्या माथ्याच्या बरोबरीला आला की पुढचा थर सुरू करा.

अर्ध्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 30-35 सेंटिमीटरवर, बाजूला ठेवलेले लांब दगड आता बाहेर काढा. दर मीटरला एक असा दगड भिंतीच्या आरपार टाका, तोंडापासून पार मागच्या खडीपर्यंत. हे दगड दर्शनी बाजू आणि मागचा भराव एकत्र बांधून ठेवतात. एवढे लांब दगड नसतील तर दोन दगड मागे-पुढे ठेवून त्यांची टोकं एकमेकांशेजारी निदान वीतभर गुंतवा.

मागची खडी आणि पाण्याची वाट

अडवणाऱ्या भिंतीचा खरा शत्रू पाणी. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास जातं, आणि पाणी अडून राहिलं तर त्याचा रेटा वेगळा. कोरड्या भिंतीचा मोठा गुण हाच की पाणी तिच्या फटींतून बाहेर पडतं. पण त्यासाठी मागची वाट मोकळी हवी. भिंत आणि माती यांच्यामध्ये 15 सेंटिमीटर जागेत 20 ते 40 मिलिमीटरची धुतलेली खडी भरा, थरागणिक, भिंतीबरोबरच वर नेत. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड लावा. त्यातून पाणी येतं, माती येत नाही. प्लॅस्टिकचा कागद मात्र लावू नका, तो पाणी अडवतो. माथ्याच्या खाली 15 सेंटिमीटरवर खडी थांबवा, कापड तिच्यावर दुमडा आणि वर ती बाजूला ठेवलेली सुपीक माती घाला.

टोकं आणि माथा

भिंतीचं टोक उघडं सोडलं की तिथून दगड सुटायला लागतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शेवटचा अर्धा मीटर वळवून उतारात घुसवणं. टोक उघडंच हवं असेल तर काटकोनी दगड वापरा: एका थरात लांब बाजू भिंतीच्या लांबीच्या दिशेने, पुढच्या थरात भिंतीच्या आत. असं आलटून पालटून.

माथ्याचे दगड जड, रुंद आणि शक्य तेवढे एकसारख्या जाडीचे घ्या. भिंतीची 35 सेंटिमीटर जाडी एकाच दगडाने झाकली जावी. त्यांचं वजन खालच्या सगळ्या थरांना दाबून धरतं, म्हणून लहान लहान तुकडे जुळवून माथा करू नका. त्यावर लोक बसणार, मुलं चालणार हे धरूनच चाला. रचून झालं की प्रत्येक दगडावर उभं राहून पाहा.

मोकळी कुंपणभिंत असेल तर दोन दर्शनी बाजू लागतात, दोन्हींना ढाळ आणि मध्ये भराव. 90 सेंटिमीटर उंचीला तळाशी जाडी निदान 60 हवी. आरपार दगड इथे दोन्ही तोंडांना जोडतात, त्यामुळे ते टाळता येतच नाहीत. बाकी सगळं तेच.

फटींमध्ये नेचे, सेडम किंवा अशीच उथळ मुळांची रोपं लावायची असतील तर भिंत रचतानाच लावा. रोपाची मुळं मातीच्या छोट्या गोळ्यासकट शेपटीच्या बाजूला आडवी ठेवा, अशी की ती मागच्या मातीपर्यंत पोहोचतील, आणि मग वरचा दगड बसवा. मात्र त्या मातीवर दगड टेकू नये, तो दोन्ही बाजूंच्या दगडांवरच टेकला पाहिजे. नंतर फटीत रोप कोंबायला गेलं तर मुळं मोडतात आणि चिपा हलतात.

नंतरची देखभाल

पहिल्या जोरदार पावसानंतर भिंतीच्या एका टोकाला बसून लांबीच्या दिशेने नजर टाका. सगळी भिंत थोडी बसलेली असणं स्वाभाविक आहे. एकाच ठिकाणी पोट आलेलं दिसलं तर त्याच्या दोन्ही कडांवर खडूने खुणा करा, तारीख लिहा आणि पुढच्या पावसानंतर पुन्हा पाहा. वाढत असेल तर वाट पाहू नका. तेवढाच भाग, वर रुंद आणि खाली निमुळता असा, मोकळा करा. दगड काढताना थरांप्रमाणे जमिनीवर मांडून ठेवा, म्हणजे कुठला कुठे होता ते कळतं. आतल्या भरावात माती किंवा पोकळी सापडली तर कारण तिथेच आहे. ती साफ करून पुन्हा हाताने भरा. फटीत झाडाचं रोप उगवलं तर ते कोवळं असतानाच उपटा, खोड जाड झालं की उपटताना दगडही निघतात. आणि काम संपल्यावर उरलेले चार-दोन घमेली दगड-चिपा देऊन टाकू नका, भिंतीच्या मागे एका कोपऱ्यात रचून ठेवा. दुरुस्तीला त्याच जातीचा दगड लागतो.